गणिताच्या वहीतला शेरा

मी शिक्षकांना शिकवते. मुलांशी शरीराबद्दल, वयात येण्याबद्दल, नात्यांबद्दल आणि नकोशा स्पर्शाबद्दल कसं बोलायचं, ते. तेही दुबईत. हे ऐकलं की पुण्यातले नातेवाईक आवाज खाली करून विचारतात, "तिकडे चालतं हे?" चालतं. दारावरची पाटी जरा सोज्वळ असते, एवढंच. ऊद मेथा भागातल्या ज्या शाळेबद्दल मी सांगणार आहे, तिथल्या प्रिन्सिपलबाईंनी सर्क्युलरवर 'वेलबीइंग आणि पर्सनल सेफ्टी' असं छापलं आणि मला म्हणाल्या, "टायटल मेरा, कंटेंट आपका. पेरेंट्स का फोन आया, तो वो भी आपका."

मी लगेच हो म्हटलं. फोनला भिणारी मी नाही. याआधी अकरा वर्षं मी दुसऱ्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवत होते. पुनरुत्पादनाचा धडा आला की "घरी वाचून या" म्हणत पुढच्या धड्यावर उडी मारायची तिथली जुनी रीत होती. मी तोच धडा तीन तास घेत असे, फळ्यावर मोठ्या आकृत्या काढून, वर्गाचं दार उघडं ठेवून. नंतर शाळा सोडली आणि हे प्रशिक्षणाचं काम हातात घेतलं. त्यालाही आता सात वर्षं झाली होती.

या शाळेतलं प्रशिक्षण चार शनिवारांचं होतं. शनिवार हा सुट्टीचा दिवस, त्यामुळे बावीस शिक्षक कपाळाला आठ्या घालूनच आले. त्यावर माझ्याकडे औषध होतं. पहिल्याच तासाला मी प्रत्येकाला एक कागद दिला आणि सांगितलं, शरीराच्या अवयवांची नावं आपापल्या मातृभाषेत लिहा. सगळ्या म्हणजे सगळ्या अवयवांची. केरळचे, पंजाबचे, तमिळनाडूचे, सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडली. नाक, कान, कोपर, गुडघा फटाफट झाले आणि मग हॉलमध्ये फक्त एसीचा आवाज. कारण उरलेल्या भागासाठी आपल्याजवळ एक तर शब्दकोशातला शब्द असतो, नाही तर शिवी. घरात मुलीला सहज सांगता येईल असा मधला शब्दच नसतो. हे ध्यानात आलं की माणसं हसतात, आणि एकदा हसली की माझ्या बाजूची होतात. त्या दिवशीही झाली.

एक बाई मात्र हसल्या नाहीत. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, काळा अबाया आणि राखाडी हिजाब, मांडीवर वह्यांचा गठ्ठा आणि हातात लाल पेन. मी बोलत होते आणि त्या वह्या तपासत होत्या. सातवीच्या मुलींना त्या गणित शिकवायच्या आणि त्यांच्या वर्गशिक्षिकाही होत्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या. वीस वर्षं इथे काढलेली. नवऱ्याचं शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात गॅरेज. हे सगळं मला चहाच्या सुट्टीत कळलं, कारण हॉलमध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच होतो. त्यांचा या विषयाला विरोध असणार आणि तो कशामुळे असणार, हे मी त्यांच्या कपड्यांकडे बघून ठरवून टाकलं होतं. चूक झाली. पण ती कळायला मला दोन आठवडे लागले.

त्याच सुट्टीत, कडक चहाचे कागदी कप हातात घेऊन आम्ही उभ्या होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅडम, एक बोलू? राग नका मानू."

"बोला ना."

"तुम्ही त्या चिठ्ठ्या सांगितल्या ना, मुलींच्या? त्या ओरिजिनल देणार आम्हाला?"

इथे चिठ्ठ्यांचं सांगायला हवं. माझ्याकडे खजुराचा एक रिकामा डबा होता, झाकणाला चीर पाडलेला. तो घेऊन मी वर्गात जायची. मुलींनी मनातले प्रश्न नाव न घालता लिहायचे आणि डब्यात टाकायचे. तिसऱ्या शनिवारी तोच डबा शिक्षकांपुढे फिरवायचा. प्रत्येकानं एक चिठ्ठी उचलायची, मोठ्यानं वाचायची आणि समोर वर्ग बसलाय असं समजून उत्तर द्यायचं. माझ्या प्रशिक्षणातला हा सगळ्यात गाजलेला भाग होता.

"ओरिजिनलच देणार," मी म्हटलं.

"टाइप करून आणा. बरं पडेल."

"टाइप केलं की चिठ्ठीतला जीव जातो हो. पोरींनी खोडलेलं, गिरवलेलं दिसायला नको का?"

"दिसेल. तेच तर म्हणते मी."

मला वाटलं, यांना मुलींच्या हातचा कागदसुद्धा हातात धरायचा नाही. मी हसून विषय बदलला. आता आठवलं की स्वतःचेच कान उपटावेसे वाटतात.

मधल्या आठवड्यात मी डबा घेऊन सातवीच्या वर्गात गेले. रिवाजाप्रमाणे वर्गशिक्षिकेला बाहेर पाठवलं. एकतीस मुली होत्या. मी छातीवर हात ठेवून सांगितलं की कोणी काय लिहिलंय हे कुणाला म्हणजे कुणालाही कळणार नाही. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मिस, नॉट ईव्हन अवर क्लास टीचर?"

"नॉट ईव्हन युवर क्लास टीचर. प्रॉमिस," मी म्हटलं.

माना खाली गेल्या आणि पेनं चालायला लागली.

तिसरा शनिवार नेहमीसारखा रंगला. हिंदीच्या सरांना चिठ्ठी आली, 'मुलींना मिशा आल्या तर काय करायचं?' सरांना घाम फुटला, पण उत्तर त्यांनी इतकं नीट आणि मायेनं दिलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला पाळीचा प्रश्न आला, कुणाला 'तुम्हाला शाळेत असताना कोणी आवडायचं का' असा. मी खुशीत होते. डबा फिरत फिरत दाराजवळ गेला. गणिताच्या मॅडमनी एक चिठ्ठी उचलली, उघडली, वाचली, आणि होती तशी घडी घालून मुठीत धरली.

"पास," त्या म्हणाल्या.

"इथे पास नसतं, मॅडम," मी हसत म्हटलं. "वर्गात मुलीला पास म्हणणार आहात का?"

"मी नाही वाचणार."

"अहो, कितीही अवघड असू दे..."

"खलास, मॅडम, पुरे," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी डबा पुढे सरकवला. पण मनातून चिडले होते. सगळ्यांसमोर मी वर एक टोमणाही मारला, की लाजण्याचं वय मुलींचं असतं, आपलं नाही. दोन-तीन जण हसले.

हॉल रिकामा झाल्यावर त्या माझ्या टेबलापाशी आल्या आणि चिठ्ठी उघडून समोर ठेवली. इंग्रजीत, निळ्या पेनानं लिहिलं होतं: एखादा मोठा माणूस आपल्याला मोबाइलवर घाणेरडे फोटो दाखवत असेल, कुणाला सांगू नको म्हणत असेल, आणि आपण पहिल्यांदा ते बघितले असतील, तर चूक दोघांची असते का?

मी पुन्हा वाचलं.

"कोणाची आहे मला माहिती आहे," त्या म्हणाल्या. "ही पोरगी अक्षर रेघेवर टेकवत नाही. वरच ठेवते, हवेत. सहावीपासून मीच आहे त्यांना, दोन वर्षं सांगते मी तिला."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खोडलेलं, गिरवलेलं दिसेल, तेच तर त्या म्हणत होत्या. रोज एकतीस वह्या तपासणाऱ्या बाईला अक्षर म्हणजे चेहराच. हे मला कळायला नको होतं? मीही अकरा वर्षं वह्या तपासल्या होत्या. नाव नसलेला पेपर कोणाचा, हे तेव्हा मी दोन ओळींत सांगायची. सात वर्षं स्लाइड दाखवत फिरले आणि हाताशी असलेली गोष्ट विसरले. ज्या एका माणसाला कळणार नाही म्हणून मी छातीवर हात ठेवून सांगितलं, नेमकं तिच्याच मुठीत मी ती चिठ्ठी दिली होती.

"नाव सांगू नका," मी पटकन म्हटलं.

"न सांगून कसं चालेल?"

"मी शब्द दिलाय मुलींना. उद्या हे फुटलं तर एकही पोरगी या डब्यात काही टाकणार नाही."

त्यांनी आवाज चढवला नाही. "शब्द तुम्ही दिला, मॅडम. मी नाही. आणि मागच्या शनिवारी तुम्हीच स्लाइड दाखवली ना? मुलाच्या सेफ्टीचा डाउट आला की टीचरनं गप्प बसायचं नाही. इथला कायदा आहे म्हणून सांगितलं तुम्ही."

सांगितलं होतं. दोनदा वाचून घेतलं होतं सगळ्यांकडून. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती अजून वाटते, कारण चिठ्ठी वाचून झाल्यावर पहिल्या मिनिटाला मी त्या मुलीचा विचार केला नव्हता. मी माझ्या डब्याचा केला होता.

आम्ही दोघी लगेच प्रिन्सिपलबाईंकडे गेलो. शाळेची समुपदेशिका, तिशीची एक शांत मुलगी, तीही त्या दिवशी शाळेत होती. नाव फक्त त्या दोघींना सांगितलं गेलं. मी खोलीबाहेर थांबले. मग मला आत बोलावलं. पेच सरळ होता. आत्ता घरी फोन करावा, तर तो माणूस घरातलाच निघाला तर? सोमवारी मुलीला बोलावून विचारावं, तर ती घाबरून नाही म्हणेल.

"आणि ती एकदा नाही म्हणाली की तेच धरून बसेल," गणिताच्या मॅडम म्हणाल्या. "मी ओळखते तिला. स्वतःहून यायला पाहिजे."

"खुद कैसे आएगी?" समुपदेशिकेनं विचारलं.

"वह्या माझ्याकडे आहेत."

समुपदेशिका म्हणाली, "मंडे लास्ट बेल तक. उसके बाद मैं खुद बुलाऊँगी." तेवढीच मुदत मिळाली.

गणिताच्या खोलीत खिडकीशी वह्यांचा गठ्ठा होता. शेरा काय लिहायचा हे मी ठरवते म्हटलं. शब्द हा माझा प्रांत. मी पाच वाक्यांचा छान मजकूर केला. त्यात विश्वास होता, सुरक्षितता होती, संवाद होता. मॅडमनी तो वाचला, बाजूला ठेवला आणि स्वतः इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. मोठ्या माणसानं चुकीचं काही दाखवलं आणि तू बघितलंस, तर चूक तुझी नसते. मी मधल्या सुट्टीत गणिताच्या खोलीत एकटी असते.

"सगळ्या वह्यांत?" मी विचारलं.

"सगळ्या. एकीच्याच वहीत लिहिलं तर तिला कळेल ना, आपल्याला पकडलं म्हणून."

मी म्हटलं, अर्ध्या मला द्या, लवकर होईल. त्यांनी मान हलवली. "नको. माझंच अक्षर पाहिजे. पोरी ओळखतात माझं."

तेव्हा मी माझ्या आवडीच्या कामाचं, म्हणजे बोलण्याचं, दुकान बंद केलं आणि वह्या उघडून द्यायला बसले. शेवटचं गणित सापडलं की पान काढायचं, वही सरकवायची, लिहून झालेली उचलायची. त्या लिहीत होत्या, लाल पेनानं, खाली सही आणि तारीख, नेहमीच्या शेऱ्यासारखं. पंधरा-सोळा वह्या झाल्या असतील. पुढची उघडली आणि माझा हात थांबला. सगळे आकडे रेघेच्या वर होते, एकही टेकलेला नव्हता. मला नको होतं ते मलाही कळलं. मी वही सरकवली. मॅडमचं पेन तिथे थांबलं नाही, हळू झालं नाही, जोरातही चाललं नाही. तीच दोन वाक्यं, तीच सही. वही मिटली आणि त्यांनी पुढच्या वहीसाठी हात केला. इतक्या वर्षांत मी शिक्षकाचं इतकं चोख काम बघितलेलं नाही, आणि ते मी शिकवलेलं नव्हतं.

निघताना मी त्यांची माफी मागितली, टोमण्याबद्दल आणि चिठ्ठ्यांबद्दल. "आधीच फोड करून का नाही सांगितलंत?" असंही विचारलं.

"तुम्ही ट्रेनर, मी ट्रेनी," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या. "चला, यल्ला, मला शारजा गाठायचंय. ट्रॅफिक लागेल."

रविवार अल बर्शातल्या माझ्या घरात काढला. कपाटं आवरली, तीन वेळा चहा केला, नवऱ्यावर विनाकारण खेकसले. माझी मुलगी तेव्हा दहावीत होती. तिला तपशील न सांगता एवढंच म्हटलं की मी मुलींना एक शब्द दिला होता आणि तो मोडला. ती मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली, "आई, यू प्रॉमिस्ड समथिंग दॅट वॉजन्ट इन युवर हँड्स." बावीस शिक्षकांना मी जे सांगायला हवं होतं, ते तिनं एका वाक्यात मला सांगितलं.

सोमवारी मी मेट्रोनं शाळेत गेले. माझं तिथे काहीच काम नव्हतं. गणिताच्या खोलीसमोर व्हरांड्यात एक बाक आहे, त्यावर मी रजिस्टर उघडून बसले. दुसऱ्या तासाला वह्या वाटल्या गेल्या. मधली सुट्टी झाली. मुलींचा लोंढा डबे घेऊन खाली गेला. कोणी येईना. मग एक मुलगी आली, दोन वेण्या, हातात वही. ती आत गेली आणि दार लागलं. मी सुटकेचा श्वास सोडला. दहा मिनिटांनी ती डोळे पुसत बाहेर आली आणि मॅडम तिला खांद्याला धरून समुपदेशिकेच्या खोलीकडे घेऊन गेल्या. परत येताना त्या माझ्यापाशी थांबल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"ही ती नाही," त्या म्हणाल्या. "ही दुसरी आहे."

एकतीस वह्यांत एकीसाठी लिहिलेलं होतं, आणि दुसरीच कोणी ते आपल्यासाठी आहे म्हणून घेऊन आली होती. तिच्या चिठ्ठीत बहुतेक मुरुमांबद्दल काहीतरी असेल. किंवा ती कोरी असेल.

दुपार सरकत गेली. शेवटचा तास सुरू झाला. घंटेला वीस मिनिटं राहिली, मग दहा. समुपदेशिका एकदा व्हरांड्याच्या टोकाला येऊन घड्याळ बघून गेली. खाली बसगाड्या लागायला लागल्या. मी मनात म्हणत होते, ये गं बाई, ये. मॅडम दारात उभ्या होत्या, हातात लाल पेन तसंच.

घंटेला पाच मिनिटं असताना ती आली. पाठीवर दप्तर, हातात गणिताची वही, पान उघडून धरलेलं. पहिल्या बाकावरची. माझ्याकडून प्रॉमिस घेणारी तीच. मी रजिस्टरात डोकं घातलं, पण कान तिकडेच होते.

"मिस, डिड यू राइट धिस फॉर एव्हरीवन?" तिनं विचारलं.

"एव्हरीवन. चेक कर हवं तर."

"आय चेक्ड," ती म्हणाली. तिनं वही मिटली. "देन आय ऑल्सो कॅन कम, नो?"

"ये," मॅडम म्हणाल्या. एवढंच. तिला आत घेतलं आणि दार लावलं. मी त्या बाकावर बसून रडले, चांगली हुंदके देऊन. झाडूवाल्या बाईनं मला पाणी आणून दिलं.

तो माणूस त्या मुलीच्या घरातला नव्हता, घरी येणारा होता. पुढे जे व्हायला हवं ते कायद्यानं झालं आणि त्याचं येणं कायमचं बंद झालं. दुसऱ्या मुलीचंही मार्गी लागलं. बाकीचं त्या दोघींचं आहे. ते मी सांगणार नाही.

माझं काम अजून चालू आहे, आणि आता ते मी जास्त चांगलं करते हे न लाजता सांगते. शिक्षकांपुढे जाणाऱ्या चिठ्ठ्या मी टाइप करून नेते. त्या आधी गणिताच्या मॅडम बघतात, कारण त्या आता माझ्याबरोबर शिकवतात. पास म्हणायची मुभाही आहे. पण सगळ्यात अवघड बदल वर्गात करायचा होता. पुढच्या वर्षीच्या सातवीत डबा घेऊन गेले तेव्हा छातीवर हात ठेवला नाही. मुलींना खरं ते सांगितलं. नाव लिहू नका. पण तुमच्या मिस रोज तुमच्या वह्या तपासतात, त्या अक्षर ओळखू शकतात. ओळखलं तर चारचौघांत विषय काढणार नाहीत. मात्र तुमच्यापैकी कुणी संकटात आहे असं वाटलं, तर आम्ही गप्प बसणार नाही.

वर्गात कुजबुज झाली. मी ठरवूनच ठेवलं होतं की डबा रिकामा येणार. आला तर आला, निदान खोटं बोलून भरलेला तरी नसेल.

सुट्टीत आम्ही दोघींनी तो गणिताच्या खोलीत उघडला. आदल्या वर्षीपेक्षा चिठ्ठ्या जास्त होत्या. मॅडमनी एक उलगडली आणि माझ्यापुढे धरली. मग दुसरी. चार चिठ्ठ्यांवर प्रश्नाच्या खाली मुलींनी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं होतं, तुकडी आणि रोल नंबरसकट, परीक्षेच्या पेपरवर लिहितात तसं.